आईच्या बाटलीतला थेंब वडिलांच्या डोळ्यात नको, आणि बाकीच्या प्रश्नांची उत्तरं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. त्या बार्शीकडे गावी, तुम्ही नोकरीसाठी पुण्यात. शनिवार-रविवारी थेंब तुम्ही टाकता, बाकीचे दिवस वहिनी. तीन बाटल्या आहेत आणि रात्रीचं एक मलम. टाकलेल्यातलं निम्मं औषध गालावर ओघळतं, म्हणून तुम्ही दोन-दोन थेंब टाकता, आणि तिन्ही बाटल्या एकाच बैठकीत पाठोपाठ उरकता. परवा बाटलीचं टोक पापणीला लागलं, तर ती बाटली ठेवावी की टाकावी हा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही विचारलंय की वडिलांचा डोळा दोन दिवस लाल आहे, उसाचं पान लागलं असावं, तर आईच्याच बाटलीतला थेंब त्यांना चालेल का.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी सोडताना चिठ्ठी समजावणं, थेंब टाकून दाखवणं, आणि पुढच्या तपासणीला आल्यावर ‘घरी कसं टाकता ते आता माझ्यासमोर करून दाखवा’ म्हणणं हे माझं रोजचं काम आहे. औषध कोणतं आणि किती दिवस, हे तुमचे डॉक्टर ठरवणार. त्यांनी ठरवलेलं औषध घरी नीट आत कसं जाईल आणि त्यातून इजा कशी होणार नाही, एवढंच मी सांगू शकते. मी लिहिलेलं आणि त्यांनी सांगितलेलं यात कुठे फरक दिसला, तर त्यांचं ऐका.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे प्रश्न एक दिवस थांबू शकतात, हा थांबू शकत नाही.

नाही. वडिलांच्या डोळ्यात आईंच्या बाटलीतला एक थेंबसुद्धा टाकू नका. तुम्ही नावं दिलीत त्यातली दुधासारखी पांढरट बाटली प्रेडनिसोलोनची आहे. ते स्टेरॉइड. आईंच्या डोळ्यातली ऑपरेशननंतरची सूज उतरवायला ते लागतंच. सोबत अँटिबायोटिक दिलेलं आहे आणि डॉक्टर ठरावीक दिवशी डोळा तपासत आहेत. वडिलांचं तसं नाही. उसाचं पान, ज्वारीचं कुसळ, बाभळीचा काटा असं शेतातलं काहीही बुबुळाला घासलं, तर त्या ओरखड्यातून बुरशी आत शिरू शकते. बुरशीवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. स्टेरॉइडने तर डोळ्याची स्वतःची लढण्याची ताकदच दबते, म्हणजे बुरशीला रान मोकळं. यात माणूस फसतो तो असा, की स्टेरॉइड टाकल्यावर एक-दोन दिवसांत लाली आणि चुरचुर खरंच कमी होते. घरचे म्हणतात, गुण आला. आत जखम पसरत असते. मग बुबुळावर पांढरा डाग दिसायला लागला की दवाखान्यात आणतात. तिथून पुढचे उपचार लांबलचक असतात, आणि जखम भरली तरी डोळ्यात फूल पडून नजर कायमची कमी होऊ शकते. नागिणीच्या जातीच्या विषाणूने बुबुळाला जखम झाली असेल तरी स्टेरॉइडने असंच बिघडतं.

तेव्हा वडिलांना आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. जाईपर्यंत डोळा चोळायचा नाही, घरातलं काही घालायचं नाही. आणि तिथे गेल्यावर पान लागल्याचं आवर्जून सांगायला सांगा. लोक नुसतं ‘डोळा लाल झालाय’ म्हणतात आणि महत्त्वाची गोष्ट राहून जाते. डॉक्टर एक पिवळा रंग डोळ्याला लावून निळ्या उजेडात बघतील. ओरखडा असेल तर तेवढीच जागा हिरवी चमकते. तपासणी काही मिनिटांची आहे आणि दुखत नाही.

हे इतकं लांबवून सांगितलं, कारण मी पाहिलेले डोळ्यांच्या औषधांचे वाईट परिणाम चुकीच्या पद्धतीने थेंब टाकल्याने फार क्वचित झालेत. ते होतात उरलेल्या बाटलीमुळे. सुनेचे थेंब सासऱ्याला, मागच्या वर्षीचे या वर्षी, शेजाऱ्यांकडून मागून आणलेले. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत आणि मग राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा एकाच बाटलीतून अख्ख्या घराला थेंब टाकणारी कुटुंबं येत होती. आजारी डोळ्याच्या पापणीला लागलेलं टोक त्याच हाताने निरोगी डोळ्याला लागत होतं. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या मुलांचं तर मला फार वाईट वाटतं. एकदा डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे थेंब आई-वडील पुढे मेडिकलमधून महिनोन्‌महिने आणत राहतात, कारण खाज लगेच थांबते. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढतो. तो वाढताना दुखत नाही, आणि कळतं तेव्हा काचबिंदूने नजर कडेकडेने गेलेली असते. बाटलीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं, ते याचसाठी.

आता आईंकडे येते.

औषध गालावर ओघळतं याची काळजी करू नका, ते ओघळणारच. बाटलीतला एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग). पापणी आणि डोळा यांच्यामधल्या जागेत फार तर ३० मायक्रोलिटर मावतं, आणि तिथे आधीच ७ मायक्रोलिटरच्या आसपास अश्रू असतात. म्हणजे एकाच थेंबाने डोळा भरतो आणि वरचं बाहेर येतं. दुसरा थेंब टाकलात की तो पहिल्यालाही धुऊन नेतो, जास्तीचं औषध गालावर ओघळतं किंवा नाकाच्या वाटेने घशात जातं, आणि बाटली निम्म्या दिवसांत संपते. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर ५ मिलिलिटरच्या बाटलीत १०० थेंब येतात. आईंची बाटली आठवड्यातच तळाला गेली असेल तर कारण हेच. एक थेंब आत पडलेला दिसला की झालं. पूर्ण बाहेर पडला, पापणीवर किंवा गालावर, तरच पुन्हा एक टाका.

आत पडलेला थेंब टिकवणं जास्त महत्त्वाचं. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीला, एक-एक बारीक छिद्र असतं. अश्रू तिथून नाकात उतरतात, म्हणून तर रडताना नाक गळतं आणि थेंब टाकल्यावर घशाला कडू लागतं. थेंब पडल्यावर आईंनी डोळा अलगद मिटायचा, आणि तुम्ही त्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडालगत, बोटाच्या टोकाने एक-दोन मिनिटं हलका दाब द्यायचा. बोट हाडावर हवं, डोळ्याच्या गोळ्यावर अजिबात नको. ऑपरेशनची जखम ताजी आहे. याने औषध डोळ्यात थांबतं आणि अंगात कमी जातं. आईंच्या आताच्या तीन औषधांत हे सोयीसाठी आहे. पण पुढे कधी दाब वाढला म्हणून टिमोलॉलसारखा थेंब सुरू झाला, तर हीच सवय फार मोलाची ठरते, कारण तो थेंब रक्तात जाऊन दम्याच्या माणसाला धाप लावू शकतो आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतो. आईंना दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ‘डोळ्याच्या डॉक्टरला त्याचं काय’ असं न म्हणता ते सांगून ठेवा.

थेंब टाकायची पद्धत माणसागणिक थोडी बदलते. हात कापतो का, मान मागे जाते का, घाबरून डोळा गच्च मिटतो का, यावर ती ठरते. म्हाताऱ्या माणसाला मी खुर्चीवर मान मागे टाकायला लावत नाही. मान अवघडते, चक्कर येते आणि डोकं हलतं. आईंना खाटेवर उताणं झोपवा, उशी बारीक द्या. आधी साबणाने हात धुऊन स्वच्छ कापडाला कोरडे करा. ओले हात निसटतात. ‘आई, आढ्याकडे बघ’ म्हणा. डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी गालाच्या हाडावर खाली ओढा, म्हणजे आतला लालसर भाग दिसतो आणि तिथे छोटी झोळी तयार होते. उजव्या हाताचा तळवा आईंच्या कपाळावर टेकवा. हे टेकवणं विसरू नका. त्यांनी डोकं हलवलं तरी तुमचा हात सोबत हलतो आणि टोक डोळ्यात घुसत नाही. बाटली कानशिलाच्या बाजूने आणा, समोरून आणली की ती येताना दिसते आणि पापणी आपोआप मिटते. बोटभर उंचीवरून एक थेंब झोळीत सोडा. थेट बुबुळावर नको, तिथे झोंबतं आणि माणूस पुढच्या वेळेपासून घाबरतो. मग पापणी सोडा. डोळा हळू मिटायचा. गच्च आवळला किंवा भराभर उघडझाप केली की औषध बाहेर ढकललं जातं.

काही आजी कितीही समजावलं तरी डोळा उघडत नाहीत. त्यांच्याशी झटापट करू नका. डोळा मिटलेला राहू द्या, नाकाकडच्या कोपऱ्यातलं पाणी आणि चिपडं आधी टिपून घ्या, तिथे थेंब सोडा आणि म्हणा, ‘आता उघडा.’ पापणी उघडताच थेंब आत सरकतो. लहान मुलांनाही हेच चालतं. नेमकेपणा थोडा कमी, पण पापणी ताणून केलेल्या ओढाताणीपेक्षा ताज्या जखमेच्या डोळ्याला हे कितीतरी बरं.

आता तिन्ही बाटल्या पाठोपाठ टाकण्याबद्दल. तुमच्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच आहे, आणि ती सुधारायला पैसा लागत नाही. पहिला थेंब डोळ्यात मुरायला वेळ लागतो. एका मिनिटात दुसरा टाकलात तर पहिल्यातला बराचसा वाहून जातो. म्हणजे चिठ्ठीत तीन औषधं आणि डोळ्याला पुरतं मिळालं एकच. दोन थेंबांमध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या, १० गेली तर उत्तम. पाण्यासारखा पातळ, स्वच्छ थेंब आधी, म्हणजे तुमचं अँटिबायोटिक. गढूळ, पांढरट थेंब त्यानंतर. प्रेडनिसोलोन आणि तुमचं तिसरं औषध नेपाफेनॅक, दोन्हींत औषधाचे बारीक कण तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवून घ्यायची. न हलवता टाकलं तर सुरुवातीचे दिवस नुसतं वरचं पाणी जातं आणि शेवटच्या दिवसांत सगळं औषध एकदम. मलम सगळ्यात शेवटी. ते तेलकट असतं; ते आधी घातलं की वरून टाकलेला थेंब डोळ्याला लागतच नाही.

बाटली कशी उघडलीत हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी विचारल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांचं टोक बंद असतं. टोपणाच्या आतल्या बाजूला एक टोकदार खिळी असते. टोपण पूर्ण आवळून फिरवलं की तिनेच छिद्र पडतं. लोकांना हे माहीत नसतं. मग साडीची पिन निघते, कुणी सुई गॅसवर तापवून टोचतं. पिनेबरोबर घाण आत जाते, आणि छिद्र मोठं पडलं की थेंबही मोठा पडतो. नवी बाटली घेतली की आधी टोपण उलटं करून आत खिळी आहे का बघा. टोपणाखालची तुटलेली प्लॅस्टिकची कडी मानेवर सैल राहिली असेल तर ती काढून टाका. बाटली उलटी केल्यावर ती डोळ्यावर पडते. आणि उघडल्याची तारीख त्याच दिवशी पेनाने बाटलीवर लिहा. उघडल्यापासून महिनाभराने औषध उरलं असलं तरी ती बाटली बाद. छापलेली मुदत बंद बाटलीची असते, उघड्या बाटलीची नव्हे.

पापणीला लागलेल्या टोकाचं उत्तर परिस्थितीवर आहे. बहुतेक बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून एक रसायन घातलेलं असतं, त्यामुळे एका निसटत्या स्पर्शाने अनर्थ होतोच असं नाही. कोरड्या डोळ्यासाठी रोज थेंब टाकणाऱ्या माणसाला मी एवढंच म्हणेन की पुढे जपा. पण आईंच्या डोळ्यात आठवड्यापूर्वी चीर गेलेली आहे, आणि त्या वाटेने जंतू आत गेले तर डोळा गमवायची वेळ येऊ शकते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत टोक डोळ्याला किंवा पापणीला लागलं, बाटली उघडी जमिनीवर पडली, तर मी नवी घ्यायला सांगते. टोक पदराने पुसणं किंवा नळाखाली धरणं याने काहीच सुधारत नाही, बिघडतं मात्र. हा अतिरेक वाटला तर एक सांगते. २०२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांमधून औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग पसरला. तिथे दोष मुळात बाटलीतच होता, पण साध्या ओलाव्याच्या थेंबांतून काहींची दृष्टी गेली आणि काहींचा जीवही. डोळ्यात जाणाऱ्या औषधात जंतू असतील तर काय होतं, हे त्यातून कळतं.

वेळा लक्षात ठेवणं वहिनींवर आहे, तर त्यांचं काम सोपं करा. तुमच्या चिठ्ठीप्रमाणे पांढरं औषध दिवसातून सहा वेळा आहे. म्हणजे जागेपणी साधारण तीन-तीन तासांनी: सकाळी ७, १०, दुपारी १, ४, संध्याकाळी ७ आणि झोपताना. बाकीची औषधं यातल्याच वेळांवर बसवा. चार वेळांचं अँटिबायोटिक ७, १, ४ आणि झोपताना. तीन वेळांचं नेपाफेनॅक सकाळ, दुपार, झोपताना. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा आणि टाकलं की खूण करायला सांगा. बाटल्यांना वेगवेगळ्या संख्येने रबर बँड लावा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ओळखता येतील. टोपणाच्या रंगावर भिस्त ठेवू नका. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली की रंग बदलतो. ठळक नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते चिठ्ठीशी ताडून बघा. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर टाका. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन्हींचे मिळून दोन थेंब टाकायचे नाहीत.

पांढऱ्या औषधाबद्दल आणखी एक. ते दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत बंद करायचं असतं, सहा, मग पाच, मग चार, डॉक्टरांनी लिहिलं असेल तसं. दोन आठवड्यांत डोळा पांढराशुभ्र दिसतो, आईंना टीव्ही स्वच्छ दिसायला लागतो, आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘आता कशाला औषधं?’ एकदम बंद केलं की दबलेली सूज पुन्हा उसळू शकते. उलट बाजूने, कागदावरचे आठवडे संपल्यावर ‘थोडं उरलंय, संपवून टाकू’ हेही नको, त्याचं कारण वर काचबिंदूत सांगितलं.

मलम घालणं वहिनींना अवघड वाटत असेल. आधी ट्यूबमधून अगदी थोडं बाहेर काढून टाकून द्यायचं, मग पापणी तशीच खाली ओढून झोळीत आतून बाहेरच्या कोपऱ्याकडे अर्धा सेंटिमीटरची रेघ सोडायची. टोक टेकवायचं नाही. ट्यूब किंचित फिरवली की रेघ तुटते. डोळा मिटून बुबुळ आत गोल फिरवायला सांगा, मलम पसरतं. त्यानंतर अर्धा तास धूसर दिसणार, ते साहजिक आहे. म्हणून मलम अंथरुणावर पडल्यावरच, रात्रीचं बाथरूमला जाऊन आल्यानंतर. धूसर नजरेने अंधारात उठून म्हातारी माणसं पडतात. सकाळी पापण्या चिकटल्या असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून, पिळून, आतून बाहेर एकदाच पुसायचं आणि तो बोळा टाकायचा. ओढून उघडायचं नाही.

ठेवायचं कुठे? तुमच्या तिन्ही बाटल्यांना फ्रीज लागत नाही; ऊन आणि चूल यांपासून लांब, कोरड्या जागी ठेवल्या की पुरे. काचबिंदूच्या काही थेंबांना लागतो, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. आईंच्या डोळ्याच्या औषधांना एक वेगळा डबा करा, आणि त्या डब्यात दुसरं काहीही नको. कानाचे थेंब, चामखिळीचं औषध, चिकटवायचा झटपट गोंद, सगळे तेवढ्याच बाटल्यांत मिळतात. दुपारी झोपेतून उठून चष्म्याशिवाय चुकीची बाटली उचलली गेल्याचे रुग्ण मी पाहिलेत, आणि गोंदाने मिटलेला डोळा बघवत नाही. तसं काही झालंच तर ओढाताण न करता स्वच्छ पाण्याची धार धरत तडक दवाखाना गाठायचा. डबा नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर हवा. डोळ्यांचे काही थेंब लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेततं.

आणि कुणी प्रेमाने गुलाबपाणी, मध, तूप किंवा काजळ सुचवेल. सुचवणाऱ्याचा मान राखा, पण डोळ्याला काहीही लावू देऊ नका. डोक्यावरून अंघोळ कधी, स्वयंपाकघरात चुलीजवळ कधी, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. प्रत्येक दवाखान्याचे दिवस थोडे वेगळे असतात.

वहिनींना फोनवर सांगायचं असेल तर एवढं पुरेल: हात धुवायचे, बाटली हलवायची, एक थेंब, टोक लागू द्यायचं नाही, डोळा अलगद मिटून कोपरा दाबायचा, दहा मिनिटांनी पुढची बाटली, मलम शेवटी.

थोडं चुरचुरणं, खुपल्यासारखं वाटणं, उजेडात पाणी येणं हे पहिल्या दिवसांत असतं आणि दिवसागणिक कमी होत जातं. दिशा उलटी झाली तर मात्र वाट बघू नका. काल होतं त्यापेक्षा आज जास्त दुखतंय, लाली वाढतेय, पू येतोय, पापणी सुजलीय, किंवा स्वच्छ दिसत होतं ते अंधुक झालं, डोळ्यासमोर नवे काळे ठिपके किंवा विजेसारखे लखलखाट दिसायला लागले, तर त्याच दिवशी ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात फोन करून निघायचं, रविवार असो की रात्र. तो फोन नंबर भिंतीवरच्या कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवा. थेंब टाकल्यावर पापणी आणि गालाची कातडी लाल होऊन खूप खाजायला लागली तर ते त्या औषधाचं वावडं असू शकतं. तेव्हाही स्वतःहून सगळंच बंद न करता त्याच दिवशी विचारा.

पुढच्या तपासणीला जाताना तिन्ही बाटल्या, मलम आणि तो खुणांचा कागद पिशवीत घालून न्या, आणि तिथल्या सिस्टरना सांगा की आम्ही टाकतो ते एकदा बघा. शक्य असेल तर त्या दिवशी वहिनींनाही सोबत घ्या. आठवड्यातले पाच दिवस थेंब त्याच टाकतात. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं नंतर ठरलं, तर या उघड्या बाटल्या त्यासाठी राखून ठेवू नका. त्या डोळ्याची चिठ्ठी नवी आणि बाटल्याही नव्या.